काजूच्या हंगामातली उष्णता

लग्न झाल्यापासून नवऱ्याला मी 'हे' म्हणत आले. या लिखाणात तो 'तो' आहे. कुणाला खटकलं तर खटकू दे. ओटीपोट धरून सरकारी इस्पितळातल्या खाटेवर मी वळवळले ती याच 'ह्यां'च्या कृपेने. एवढ्या कृपेनंतर मान कमी झाला तर चालेल.

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. चतुर्थीला सगळे जमले की 'वैजू, सांग गो' सुरू होतं, आणि मी कोण लग्नात खुर्चीसकट कोलमडला, कोण बारशाला चुकून शेजारच्या घरी जेवून आला, हे रंगवून सांगते. ही गोष्ट मात्र मला कुणी सांगायला सांगितली नाही. उलट थोरली नणंद हात जोडून म्हणाली, "वैजू, ह्यां काय सांगूची गोष्ट आसा?" तेव्हाच मी ठरवलं, आसा. नसती तर हिने हात जोडले नसते.

आमचं घर कट्टा गावच्या बाजारापासून थोडं आत. पुढे भातशेतीचे कुणगे, मागे काजूची बाग. मी कोकमाचं आगळ, म्हणजे घट्ट रस, काढते, बाटल्या भरते आणि बाजारात विकायला देते. बाटलीवर माझ्याच सुपीक डोक्यातून निघालेली ओळ छापलेली आहे : 'उष्णतेवर गुणकारी'. ती ओळ लक्षात ठेवा.

नवरा बाळा टेंपो चालवतो. शिमग्याच्या सुमारापासून पाऊस लागेपर्यंत गावागावातली काजू बी भरायची आणि बांद्याच्या नाक्यावरून पुढे गोव्यातल्या कारखान्यांना नेऊन घालायची, हा त्याचा धंदा. हंगामात मुक्काम तिकडेच. मधून मधून घरी येतो, आंघोळ करतो, जेवतो, झोपतो, पुन्हा जातो.

आणि हंगामात दर वर्षी मला उष्णता व्हायची.

उष्णता म्हणजे काय, तर लघवीला आग, अंगावरून पिवळट जाणं, ओटीपोटात कुणी पिळा घातल्यासारखं दुखणं. सासूबाईंनी निदान पहिल्याच वर्षी केलं होतं. "काजवांची उष्णता गो ती. चीक अंगात भिनता." मला ते शंभर टक्के पटलं. ओले काजूगर काढताना त्या चिकाने बोटांची सालं निघतात, हे आमच्याकडे पोरंही जाणतात. बाहेर जाळतो तो आत गेल्यावर थंडावा थोडाच देणार! मग आगळात पाणी घालून तिवळ प्या, सब्जा प्या, धन्याचं पाणी प्या. माझ्या आगळाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक मी स्वतःच होते.

एक गोष्ट इतक्या वर्षांत कुणाच्या डोक्यात आली नाही. माझ्याही नाही, आणि मी स्वतःला हुशार समजते. आमच्या बागेत बी वेचायला ज्या बायका येतात, त्यांचे हात दिवसभर चिकात असतात. त्यांच्यातल्या एकीलाही ही उष्णता नव्हती. माणूस सगळं बघतो, फक्त जे समोर आहे ते सोडून.

बाजारातल्या डॉक्टरकडे मी जाऊन आले नव्हते असं नाही. गेले, पुन्हा गेले, त्यानंतरही गेले. दर वेळी तो मान खाली घालून लिहायचा आणि म्हणायचा, "बायकांचं असतंच हे. स्वच्छता ठेवा." दोन वेळा आंघोळ करणारी बाई मी! त्याने मला गोळ्या दिल्या, मी खाल्ल्या, बरं वाटलं. बाळा गोव्याहून आला, पुन्हा आग. नवरा कुठे असतो, काय करतो, त्याला काही त्रास आहे का, हा प्रश्न त्या डॉक्टरने एकदाही विचारला नाही. आजार दोघांचा आणि स्वच्छता एकटीची.

निदान

गेल्या वैशाखात ताप चढला. दुखणं असं, की मला ताठ उभं राहता येईना. बाळा गोव्यात. सासूबाईंनी मला रिक्षात घातलं आणि सरकारी इस्पितळात नेलं.

तिथली डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. तिने सासूबाईंना बाहेर बसायला सांगितलं, तपासलं, आणि खुर्ची माझ्याजवळ ओढून बसली.

"मिस्टर बाहेरगावी असतात का, काकी?"

"काजूच्या हंगामात."

"हे संबंधातून होणारं इन्फेक्शन आहे. बरेच दिवस अंगावर काढलंत. गर्भाशयाच्या नळ्यांपर्यंत गेलंय. ॲडमिट व्हावं लागेल."

"नाही हो, ही काजूची उष्णता," मी म्हटलं. वर तिला समजावलंसुद्धा, चीक कसा भिनतो ते.

तिने सगळं ऐकून घेतलं. हसली नाही, याबद्दल मी तिची जन्मभर ऋणी आहे. म्हणाली, "काजूने हे होत नाही, काकी."

"मग मी काय केलं?"

"तुम्ही काही केलंत असं मी म्हटलं का?"

तरी मी हरले नव्हते. "पण माझं ऑपरेशन झालेलं आहे. दुसऱ्या बाळंतपणानंतर."

"ऑपरेशनने मूल थांबतं, आजार थांबत नाही. आजारासाठी निरोधच वापरायला हवा होता."

तो शब्द आमच्या घरातून माझं ऑपरेशन झालं त्या दिवशी हद्दपार झाला होता. मुलं पुरे झाली, आता त्याचं काय काम? बाळाला असं वाटत होतं, मला असं वाटत होतं, आणि ऑपरेशन करून घरी पाठवणाऱ्यांपैकीही कुणी वेगळं सांगितलं नव्हतं. निदान माझ्यापर्यंत तरी ते पोचलं नाही.

मला रडू आलं नाही. राग आला. आधी स्वतःचाच आला, एवढी आंबट तिवळ उगाच प्यायल्याबद्दल. मग योग्य पत्त्यावर गेला.

खाट

वॉर्डात सकाळ फिनेलच्या वासाने व्हायची. मग सुई, मग चहा, मग सलाईन, मग डॉक्टरांची फेरी, आणि त्या फेरीच्या वेळी सगळ्या बायका शाळेत तपासणी असल्यासारख्या चादरी सारख्या करून पडायच्या. शेजारच्या खाटेवर मसुऱ्याची एक म्हातारी होती, पिशवी काढलेली.

"तुका काय झालां गो?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"पोटाक सूज," मी म्हटलं.

ती माझ्याकडे जरा बघत राहिली. "घोव खंय असता?"

"टेंपोर. गोव्याक."

"हां," एवढंच म्हणाली आणि आपल्या डब्यातली पेज माझ्या वाटीत ओतली. वर लोणच्याची फोड. त्यानंतर तिने मला काही विचारलं नाही, दुसऱ्या कुणी विचारलं की हीच सांगायची, "पोटाक सूज आसा तिच्या. तुका काय करूचां आसा?"

खरी भीती वेगळीच होती. एचआयव्हीसाठी आणि दुसऱ्या गुप्तरोगांसाठी रक्त घेतलं होतं. घेण्याआधी समुपदेशक बाईंनी नीट बसवून सगळं सांगितलं, सही घेतली. रिपोर्ट येईपर्यंत मी छताकडे बघून हिशेब करायचे. मुलीचं लग्न झालेलं आहे, मुलगा नोकरीला लागलाय, सासूबाईंचं कोण करील? आणि मग एकदम मनात यायचं, की मी मेले तर हा माणूस तेराव्याला लोकांना सांगेल, 'उष्णता भोवली.' या विचाराने मी एवढी भडकायचे की भीती बाजूला राहायची. रागाचा हा एक औषधी गुण मला तिथे कळला.

रिपोर्ट चांगले आले. ते सांगणाऱ्या बाईंचा हात मी इतका घट्ट धरला की त्या म्हणाल्या, "काकी, सलाईन निघेल."

त्याच दिवशी बाळा आला. हातात शहाळं.

"थंड म्हणान हाडलंय," तो म्हणाला. "उष्णतेक बरां."

माझ्या हाताला सुई होती म्हणून त्याचं डोकं वाचलं.

डॉक्टरीणबाईंनी त्याला आत बोलावलं. आमचा बाळा घरात मालवणीत गरजतो, पण टेबलापलीकडे कुणी दिसलं की त्याची भाषा कडक इस्त्रीची होते. "मॅडम, मला काहीही त्रास नाही. मी एकदम फिट आहे."

"पुरुषांना पुष्कळदा काहीच जाणवत नाही. तरी आजार असतो आणि तो समोरच्याला लागतो. तुमची तपासणी करू आणि औषध देते. दोघांचे डोस पूर्ण होऊन मी तपासून सांगेपर्यंत संबंध नको. त्यानंतरही निरोध, दर वेळी. यांना पुन्हा लागण झाली तर नळ्या काढाव्या लागतील."

"येस मॅडम," बाळा म्हणाला. तपासणीला उद्या येतो म्हणाला. औषधाचं खोकं घेतलं, आणि गेला तो थेट काजू भरायला.

उपास त्याचा

इथे आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. बाळा लहानपणी फार आजारी पडला, तेव्हा सासूबाईंनी त्याच्या नावाने शनिवारचे उपास बोलले. तो मोठा झाला, पण त्याला उपाशी राहवेना, म्हणून त्या धरू लागल्या. मी सून होऊन आले आणि शनिवार माझ्याकडे आले. म्हणजे नवस त्याचा, पुण्य त्याचं, भूक माझी. तो शनिवारी भात-बांगडा खातो, मी साबुदाणा. मी हे वर्षानुवर्षं विनोद म्हणून सांगत आले.

घरी आल्यावर मी विचारलं, "गोळये घेतलास?"

"माका काय जावक नाय."

"डॉक्टरीण काय म्हणाली तां आयकलास मां?"

तो खाटेवर पाय पसरून हसत म्हणाला, "माझ्या वाट्याचे तूच घी. शनवारचो उपास तू करतंस, पुण्य माका लागता. मगे गोळयेंचो गुण लागाक काय झालां?"

तो गंमत करत होता. ही गंमत त्याला कुठून सुचली ते मला कळलं, आणि आपण इतकी वर्षं कसल्या विनोदावर लोकांना हसवत होतो तेही कळलं. त्या शनिवारी मी त्याच्यासमोर बसून बांगडा खाल्ला. त्याने काट्यांकडे बघितलं आणि आपलं ताट ओढून घेतलं.

निरोधचं काढलं तर म्हणाला, "कट्ट्यार सगळे वळखतत माका. दुकानात विचारूक लाज वाटता."

"गोव्यात कोण वळखत नाय मां? थंय कित्याक घेवक नाय?"

यावर मात्र तो उठून अंगणात गेला. तिथे तो कुणाकडे जात होता, हे मी विचारलं नाही. त्या बाईवर माझा राग नाही. तिलाही कुठल्या तरी फिट माणसानेच दिलं असणार.

मग मीच गेले दुकानात. दुकानदार माझ्या आगळाच्या बाटल्या ठेवतो, चांगली ओळख. मागितल्यावर तो आधी माझ्या मागे बघू लागला, कुणी पुरुष आहे का म्हणून. मग पाकीट कागदात गुंडाळलं, कागद काळ्या पिशवीत घातला आणि वर आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, भाऊंका धाडूचां होतां."

"भाऊ लाजतत," मी भरल्या दुकानात म्हटलं. "आणि पिशवी नको. चोरलंय काय मी?"

पाकीट उघडं हातात धरून मी घरी आले.

इस्पितळातल्या समुपदेशक बाईंनी पुढे सांगितलं की तिथे ही पाकिटं फुकट मिळतात. चुलीजवळ किंवा टेंपोच्या काचेपाशी उन्हात ठेवायची नाहीत, तारीख बघायची, एक एकदाच वापरायचं. आणि खोबरेल तेल लावायचं नाही, त्याने रबर फाटतं. मला हसू आवरेना. सिंधुदुर्गात नारळ चालत नाही अशी ही पहिलीच वस्तू. त्या असंही म्हणाल्या की याने धोका पुष्कळ कमी होतो, पण अगदी शून्य होत नाही, म्हणून तपासणी चुकवायची नाही. मला हे खरं बोलणं आवडलं. बाजारातल्या डॉक्टरने एवढं सांगितलं असतं तर माझी कितीतरी तिवळ वाचली असती.

माजघर

मी माझं अंथरूण माजघरात सासूबाईंच्या शेजारी आणलं. त्याने गोळ्या घेतल्या नाहीत, मी खोलीत गेले नाही. पाऊस गेला, चतुर्थी गेली. नणंदेने फोनवरून समजावलं, "पुरुषाक एवढां ताणूचां नाय गो, भायर जायत." मी म्हटलं, "भायर गेलो म्हणानच तर ह्यां झालां."

मला पुन्हा लागण झाली तर पोट फाडावं लागणार होतं. न होण्यासाठी एकच करायचं होतं, आणि ते दुसऱ्याच्या हातात होतं. 

एका दुपारी कोकमाची सोलं निवडताना सासूबाईंनी विचारलं, "माजघरात कित्याक निजतंस? भांडान झालां?"

मी सांगितलं. सगळं. काजूपासून नळ्यांपर्यंत. मला वाटलं होतं त्या मुलाची बाजू घेतील.

त्या सोलं चाळवत राहिल्या. मग म्हणाल्या, "माकाय अशीच होय."

"काय?"

"उष्णता. तुझो सासरो मुंबयसून चतुर्थेक येय, चार दिस रवान परत जाय. मगे दिवाळेपर्यंत माका आग. माझी सासू म्हणा, काजवांची उष्णता. बाळाच्या पाठीर माका एकय पोर रवलां नाय." त्यांचे हात थांबले. "चतुर्थेक खंयचे काजू गो, वैजू?"

 कोकमाचा लाल रस त्यांच्या मनगटापर्यंत आला होता. त्यांनी तो पुसला नाही, मीही नाही.

गाऱ्हाणं

काजूचा हंगाम सुरू होताना आमच्या बागेत राखणदाराला, बाग राखणाऱ्या देवाला, नारळ देतात. बागेच्या कोपऱ्यात जुन्या झाडाखाली त्याचा पाषाण आहे. गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढचं मागणं, घरातला कर्ता पुरुष घालतो, बाकीच्यांनी दर ओळीला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. औंदा बी वेचणाऱ्या बायका जमल्या होत्या, सासूबाई काठी टेकून आल्या होत्या. टेंपो बाहेर उभा होता. बाळाने नारळ हातात घेतला.

सासूबाई म्हणाल्या, "बाळा, नारळ तिच्याकडे दी. औंदा वैजू गाऱ्हाणां घालतली."

"बायलमाणूस?"

"राखणदाराक चलता. तुका काय झालां?"

आईसमोर तो बोलू शकला नाही. मी नारळ घेतला. आवाज चतुर्थीला गोष्टी सांगून तयार झालेला आहे, त्याने दगा दिला नाही.

"बा राखणदारा, ह्या बागेची नि बागेत राबणाऱ्यांची राखण करणाऱ्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"औंदा झाडां भरान पिकांदेत. चीक कोणाच्या हाताक लागाक नको."

"व्हय म्हाराजा!"

"घरातलो जो कोण भायर जायत, तो जसो गेलो तसोच बरो घराक येवंदे."

"व्हय म्हाराजा!"

"आणि भायरचां दुखणां घराक हाडून बायलेक दिता, वर तुकाच उष्णता झाली म्हणान सांगता, तो इस्पितळात जावन तपासणी करून गोळये घेयपर्यंत, तेका माझ्या खोलयेची वाट गावाक नको रे म्हाराजा!"

 एका बाईने पदर तोंडाला लावला. बाळाची मान खाली.

मग सासूबाईंचा आवाज आला, एकटीचा, चिरका. "व्हय म्हाराजा."

मागोमाग सगळ्या बायका, "व्हय म्हाराजा!" आणि त्या गजरात, लहानपणापासूनच्या सवयीने, आमचा बाळाही म्हणून गेला. शब्द तोंडातून सुटल्यावर त्याला कळलं काय कबूल केलं ते. माझ्याशी खोटं बोलणं त्याला जमतं. राखणदारापुढे बोललेलं फिरवायची छाती आमच्याकडे कुणाला नाही.

मी नारळ फोडला. एका घावात फुटला. त्यात थोडा राग होता.

त्या दिवशी टेंपो गोव्याला गेला नाही, इस्पितळात गेला. त्याच्या तपासणीत आजार निघाला. फिट माणूस! त्याने गोळ्या घेतल्या, सासूबाईंच्या समोर, तोंड उघडून दाखवत, पोरासारख्या. आमची दोघांची पुन्हा तपासणी झाली, आणि मग मी खोलीत गेले, पाकिटासह. पाकीट नसेल तर माजघर आहेच.

राग गेला का? नाही. माफी मागितली का त्याने? तेही नाही. एकदा माझ्या ताटात मोठा बांगडा वाढून गेला, शनिवारी. त्याला तो माफी म्हणत असेल तर म्हणू दे. बाटल्यांवरची 'उष्णतेवर गुणकारी' ही ओळ मी काढून टाकली. आगळ सोलकढीला उत्तम आहे, एवढंच खरं. आणि सासूबाईंनी विचारलं, "माझीय तपासणी करतत गो, ह्या वयात?" करतात. मी घेऊन गेले.

मग तो हंगामाला गेला. जाताना पिशवीत टॉवेल, लोणचं, चिवडा, आणि सगळ्यात वर पाकिटं, मी स्वतः भरली. मला ते भरताना चीड आली, पण भरली. त्याच्या शपथेवर विसंबून पोट फाडून घ्यायची माझी तयारी नाही.

परवा तो परत आला. आमच्याकडे बाहेरून आलेल्या माणसाला पहिल्यांदा गूळ-पाणी देतात. सासूबाई तांब्या घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. बाळाने हात पुढे केला. त्यांनी तांब्या मागे घेतला.

"आदी इस्पितळात जावन ये," त्या म्हणाल्या. "मगे पाणी."

"आये, अगो, आताच येतंय मां मी..."

"जा."

तो माझ्याकडे बघू लागला. मी सोलं वाळत घालत होते, घालत राहिले. टेंपो पुन्हा सुरू होऊन वळणापलीकडे जाईपर्यंत सासूबाईंनी तांब्या खाली ठेवला नाही.